रिलेची टिक

हॉर्नच्या पाठीला एक स्क्रू असतो. तो पाव आटा इकडे फिरला तर आवाज फाटतो, पाव आटा तिकडे फिरला तर घसा बसल्यागत होतो. मधली जागा केसाएवढी. ती मोजायला कुठलं माप नाही, कान हेच माप. केरबा मिस्त्री हॉर्नच्या तोंडापासून वीतभरावर कान धरून तो स्क्रू लावायचा. दिवसाला दहा-पंधरा हॉर्न. अशी बत्तीस वर्षं.

गळीत हंगाम तोंडावर आला की शिरोळकडचे ट्रॅक्टरवाले आणि उसाचे ट्रकवाले कोल्हापुरात यायचे आणि उद्यमनगरात हंबीररावांच्या गॅरेजसमोर रांग लावायचे. गॅरेज हंबीररावांच्या वडिलांनी, आबांनी काढलेलं. केरबा आबांच्या वेळचा. तो मूळचा हातकणंगल्याजवळच्या एका वाडीचा. शेत दोन भावांना पुरेना, म्हणून तिसरा केरबा रेल्वेत बसून कोल्हापुरात आला आणि बाबालाल उस्तादाकडं गाड्यांचं वायरिंग शिकला. उस्तादाचं शिकवणं तीन गोष्टींचं होतं. आधी ऐकायचं, मग बघायचं, मग हात लावायचा. एका पायरीची खात्री झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवायचा नाही. पायऱ्या गाळून जो दोष शोधतो त्याला एखाद्या दिवशी तो सापडतोही, पण तो सापडणं असतं, शोधणं नव्हे.

केरबानं हा क्रम कधी मोडला नाही. दातानं वायर सोलणाऱ्या माणसाला तो आपल्या बाकावर बसू द्यायचा नाही. नुसता पीळ मारून केलेला जोड दिसला की कापून टाकायचा आणि पुन्हा कथलाचा डाग देऊन करायचा, मग गिऱ्हाईक दारात हॉर्न मारत का उभं राहीना. कमी बोलायचा. काम बरं झालं तर गप्प, बिघडलं तर तेवढ्यापुरतं बोलायचा.

पंचाहत्तरच्या सुमाराला त्याचा डावा कान गेला. एकदम नाही. पावसाळ्यात भिंत ओल धरते तसा हळूहळू गेला. केरबानं ते कुणाला सांगितलं नाही. उजवा शाबूत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. तो मान जरा डावीकडं वळवून उजवा कान पुढं करायला शिकला. शिवाय कोल्हापूरचा माणूस शेजारी बसलेल्याशीही पंचगंगेच्या पल्याड असल्यागत बोलतो. त्यामुळं त्याचं निभत गेलं.

त्याला भीती एकाच गोष्टीची होती. गॅरेजात पूर्वी एक फिटर होता. त्याचे हात कापायला लागले तेव्हा आबांनी त्याला घालवला नाही, नुसता बसवून ठेवला. लोक त्याला चहा द्यायचे, नमस्कार करायचे. हाताला काम नसलेला तो माणूस दोन वर्षांत मेला. केरबाला मरणाचं काही वाटत नव्हतं. त्याला तसं बसायचं नव्हतं. बाकावरचं काम आपलं आहे तोवर आपण मिस्त्री, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

एक्याऐंशी साली दसरा होऊन चार दिवस झाले असतील. साळवणचा कृष्णात आपली जीप घेऊन आला. तो कोल्हापूर ते गगनबावडा वडाप करायचा. एका जीपमध्ये चौदा माणसं भरून न्यायची आणि वाटेत आणखी दोन दिसली तर त्यांनाही नाही म्हणायचं नाही, असा त्याचा धंदा. दोन पिवळ्या काचेचे जादा दिवे त्यानं बरोबरच आणले होते.

"मिस्त्री, ह्ये पुढं बंपरवर बसवा," तो जीपमधून उतरता उतरताच ओरडला. "बावड्याला सकाळच्या पारी धुकं कसलं पडतंय म्हायताय का? म्होरची म्हस दिसंना झालीया. परवा एकीला नमस्कार घालूनच थांबलो."

"म्हशीनं आशीर्वाद दिला का?" आकाराम आतून म्हणाला. आकाराम केरबाच्या हाताखाली तयार झालेला, त्याला तात्या म्हणणारा, तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप.

"दिला की. शेपटीनं." कृष्णात केरबाकडं वळला. "एक मातूर करा मिस्त्री. रंगाला ओरखडा पडू देऊ नगासा. खंडेनवमीला बंपर खोलून आतनं-बाहेरनं रंगवलाय. पूजा झालीया गाडीची."

केरबानं बंपरवरून बोट फिरवलं. काळ्या ऑईलपेंटचे दोन हात, वर चांदीच्या रेघा. मधोमध हळदकुंकवाचं बोट तसंच होतं. काम नीट केलेलं होतं. नीट केलेल्या कामाला केरबा मान द्यायचा. त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापले, दिव्याच्या पायाखाली घातले आणि मग बोल्ट आवळले. रंगाला टोचासुद्धा लागला नाही.

मग वायरिंग. असले दिवे वीज फार ओढतात. डॅशबोर्डवरच्या बटणातून एवढी वीज सोडली तर बटण जळून जाईल. म्हणून मध्ये रिले घालतात. पत्र्याची काड्यापेटीएवढी डबी. बटण दाबलं की थोडी वीज तिच्यातल्या गुंडाळीला मिळते, गुंडाळीचा लोहचुंबक होतो, तो एक पत्ती ओढून घेतो आणि बॅटरीची मोठी वीज पत्तीतून दिव्याकडं जाते. पत्ती बसताना 'टिक' असा बारीक आवाज होतो. त्या आवाजावर सगळी परीक्षा. टिक झाली म्हणजे बटणापासून रिलेपर्यंत सगळं ठीक, दिवा लागत नसेल तर दोष पुढं. टिक झाली नाही तर दोष अलीकडं.

दुपारपर्यंत सगळं जोडून झालं. केरबा बॉनेटमध्ये वाकला, उजवा कान रिलेकडं केला.

"दाब."

कृष्णातनं बटण दाबलं. दिवे लागले नाहीत.

"सोड. पुन्हा दाब."

टिक नाही. केरबानं टेस्ट लॅम्प घेतला. एक बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच ते हत्यार. रिलेच्या गुंडाळीला वीज येते का पाहिलं. येत होती. गुंडाळीची दुसरी वायर चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, नीट पोचली आहे का पाहिलं. पोचली होती. म्हणजे डबीच खराब. तरी एकदा नीट ऐकावं म्हणून तो सरळ झाला आणि हंबीररावांना म्हणाला, "जरा लेथ बंद करायला सांगा."

लेथ बंद झाला. पलीकडं पत्रा ठोकणाराही थांबला. केरबाला कामात शांतता लागली की सगळं गॅरेज गप्प व्हायचं, ही जुनी रीत होती. त्याचा त्याला अभिमानही होता. कृष्णातनं बटण दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. केरबा वाकून ऐकत राहिला.

"न्हाय. मेलाय रिले," तो म्हणाला.

आकारामनं हंबीररावांकडं बघितलं. हंबीरराव खाली बघून हातातला पाना पुसायला लागले. मग आकाराम आत गेला आणि दुसरा रिले घेऊन आला. लेथ पुन्हा सुरू झाला.

दुसरा रिलेही मेलेला निघाला. केरबानं बटणापासून रिलेपर्यंतची सगळी वायर काढून नवी ओढली. बटण बदललं. फ्यूजची पकड घासली. एकेक जोड उकलून पुन्हा डाग दिला. ही सगळी पहिल्या पायरीची कामं. टिक झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जायचं नव्हतं. संध्याकाळी कृष्णात एसटीनं गावी गेला. जाताना म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत द्या मिस्त्री. गाडी बसून हाय, आन् माणसं मला सोडून दुसऱ्याच्या जीपला लोंबकाळायला लागल्यात."

त्या रात्री केरबाला झोप लागली नाही असं नाही. दिवसभर वाकून पाठ मोडली होती, तो पडल्या पडल्या झोपला. पण सकाळी उठल्यावर त्याला पहिल्यांदा असं वाटलं की गॅरेजला जाऊ नये. असं त्याला उभ्या जन्मात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिसरा रिले. तोही गप्प. कृष्णात दहाच्या एसटीनं आला आणि चहा पीत बाकाजवळ उभा राहिला.

"मिस्त्री, ह्यापेक्षा माझी बायको कंदील धरून पुढं पळंल की," तो म्हणाला. "आवाज तरी करंल."

दोघंतिघं हसले. केरबाला शब्द पुरते कळले नाहीत, हसणं दिसलं. तोही थोडा हसला. मग त्यानं तिसरा रिले खोलून घेतला आणि खिडकीपाशी नेला. एकामागून एक तीन रिले मेलेले निघावेत हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं. पातळ पटाशीनं त्यानं डबीची मुडपलेली कड सावकाश उचलली, वरचं टोपण काढलं आणि आतला सांगाडा बाकावरच्या बॅटरीला जोडला.

पत्ती खाली बसली.

केरबानं वायर काढली. पत्ती वर आली. लावली, खाली बसली. तांब्याचा ठिपका तांब्याच्या ठिपक्यावर नीट, मधोमध बसत होता. खिडकीतून ऊन पडलं होतं आणि सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यानं सांगाडा उचलून उजव्या कानाला टेकवला आणि वायर लावली. कानाच्या पाळीला बारीक धक्का बसला. आवाज झाला नाही.

त्यानं ते पुन्हा केलं. किती वेळा केलं ते त्यानं मोजलं नाही. मग कालचे दोन रिले कचऱ्याच्या डब्यातून काढले, पुसले, एकेक करून जोडले आणि वर बोट ठेवलं. दोन्ही बोटाखाली उडत होते. दोन्ही जिवंत होते. काल दुपारी लेथ थांबवून सगळं गॅरेज गप्प केलं तेव्हा टिक झाली होती. कृष्णातनं बटण दाबलं तितक्या वेळा झाली होती. ती दारापर्यंत ऐकू गेली असणार. आकारामनं ऐकली, हंबीररावांनी ऐकली, पत्रा ठोकणाऱ्यानं ऐकली. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये उभं राहून आपण म्हणालो, मेलाय रिले.

त्यानं तिन्ही रिले बाकावर ओळीनं मांडले. मग उठला. काम अर्धं होतं.

टिक होती, म्हणजे दोष पुढं. आता पाच मिनिटांचं काम उरलं होतं. त्यानं कालचा एक रिले परत बसवला, कृष्णातला बटण दाबून धरायला लावलं आणि दिव्याची वायर सोडवली. टेस्ट लॅम्पचं एक टोक तिला आणि दुसरं इंजिनाला लावलं. बल्ब भगभगून लागला. वीज दिव्यापर्यंत येत होती. तेच दुसरं टोक बंपरला लावलं. बल्ब लागला नाही. वीज येत होती पण तिला बंपरच्या लोखंडातून चेसीला आणि तिथून बॅटरीला परत जायला वाट नव्हती. दिव्याच्या पायाखाली रबर त्यानं स्वतःच्या हातानं घातलं होतं. बोल्टाखाली रंग, नटाखाली रंग, बंपर चेसीला जिथं बसतो तिथंही रंग. पूजेच्या गाडीला दिसत नाही तिथंसुद्धा कृष्णातनं दोन हात मारले होते.

केरबानं दोन्ही दिवे काढले, रबर फेकलं, बंपरच्या आतल्या बाजूनं नटाखालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं. तेवढ्यावर न भागवता दोन्ही दिव्यांच्या पायापासून वेगळी वायर थेट चेसीला नेली, तिथला रंगही घासला, डाग दिलेली चकती आवळली आणि वर ग्रीस लावलं. समोरून बघणाऱ्याला बंपरवर ओरखडा दिसला नसता.

"दाब."

भर दुपारी समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोळे उमटले.

कृष्णात उडी मारून खाली आला. "ह्याला म्हणत्यात मिस्त्री! आता म्हस काय, म्हशीचा मालकबी रस्ता सोडंल!" त्यानं केरबाच्या पाठीवर थाप मारली. "आन् जाता जाता हॉर्नबी बघून घ्या की. घसा बसलाय त्येचा." मग त्याला काय आठवलं कोण जाणे, तो घाईनं म्हणाला, "न्हायतर ऱ्हाऊ दे. तुमी दमलाय. आकाराम बघंल."

"हॉर्न माझं काम हाय," केरबा म्हणाला.

"व्हय की, तुमचंच हाय. पर पुन्ना खोलण्यापरास येकदाच—"

कृष्णात थांबला. पण तो बोलला होता केरबाच्या समोर, तोंडासमोर तोंड धरून, आणि त्याच्या घशात साळवणची हवा होती. केरबाला एकेक अक्षर कळलं.

"पुन्ना म्हंजे?"

"तसं न्हवं मिस्त्री. मी आपलं..."

केरबा आकारामकडं वळला. "माझ्या मागनं हॉर्न कोण लावतंय?"

"तात्या, चा सांगू का?"

"इचारलं त्येचं उत्तर दे. आन् माझ्याकडं बघून दे."

आकारामनं मान वर केली. "मीच लावतोय."

"कवापासनं?"

"तीन हंगाम झालं."

"समदे?"

"पयल्यांदा समदे न्हवते. येखाददुसरा. तुमी घरला गेलासा की गिऱ्हाईक माघारी यायचं." तो पुढं काही बोलला, पण मान खाली घालून बोलला. केरबानं त्याची हनुवटी धरून वर केली. "आता समदे," आकाराम म्हणाला.

कृष्णात जीप घेऊन निघून गेला. जाताना त्यानं हॉर्न मारला की नाही, केरबाला कळलं नाही.

हंबीररावांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. केरबा बसला नाही.

"मिस्त्री, तुमी आबांच्या वेळचं माणूस," हंबीरराव मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले. इतके दिवस ते आपल्याशी असंच बोलत आलेत, हे केरबाच्या तेव्हा ध्यानात आलं. "तुमाला तोंडावर कोण सांगणार? आमची जीभ रेटंना. आन् त्यात बिघडलं काय? हॉर्न आकाराम लावतोय, बाकी तुमचं काम हायच की. तुमच्या वायरिंगला तोड न्हाय."

"वायरिंग माझ्या मागनं कोण बघतंय?"

"कोण न्हाय! आबांची शपथ."

केरबानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. तोंड खरं होतं, डोळे खरे होते. पण याच तोंडानं हंबीरराव तीन हंगाम म्हणत होते, "फस्क्लास लागला हॉर्न, मिस्त्री." तेव्हाही तोंड असंच दिसत होतं. तेव्हाही डोळे असेच होते.

"काल लेथ बंद केला तवा तुमाला टिक ऐकू आली?"

हंबीररावांनी रिकामी खुर्ची जरा पुढं सरकवली.

"मी तीन जित्ते रिले मेले म्हणून काढले," केरबा म्हणाला. "दीड दिवस माझा गेला, दीड दिवस त्या माणसाचा. तुमी बघत हुबा ऱ्हायला. ह्यो मान झाला व्हय?"

घरी त्याची बायको चिमणाबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यानं हातपाय धुतले आणि चुलीसमोर, त्यांचं तोंड दिसेल असा बसला.

"मला ऐकू येत न्हाय," तो म्हणाला.

चिमणाबाईंचा हात थांबला. "मग?"

"तुला ठावं हुतं?"

"समद्या गल्लीला ठावं हाय. थोरलीच्या लग्नापासनं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि पुन्हा त्याच्याकडं वळल्या. "मला वाटलं तुमालाबी ठावं आसंल. म्हणूनच गप बसतासा, आसं वाटलं."

केरबानं भाकरी खाल्ली. थोरलीच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती.

चार दिवस तो घरी राहिला. पाचव्या दिवशी गॅरेजला गेला आणि हंबीररावांना म्हणाला की मला बॅटऱ्यांचं काम द्या. बॅटरीत पाणी भरायचं, काचेच्या नळीत ॲसिड ओढून आत तरंगणारा काटा बघायचा, चार्जला लावायचं. सगळं डोळ्यांचं काम. हंबीरराव नको नको म्हणाले, ते हलक्या माणसाचं काम आहे म्हणाले. केरबानं ऐन हंगामात बाक सोडला आणि मागच्या शेडमध्ये गेला. तिथं त्यानं आणखी आठ वर्षं काम केलं. ॲसिडनं सदऱ्याला भोकं पडत गेली. बॅटरी कधी कमी भरली नाही, जास्त भरली नाही. कुणी "झालं झ्याक" म्हणालं तर तो पुन्हा नळी बुडवून काटा बघायचा. माणसांच्या "झ्याक"ला त्याच्या लेखी आता काही किंमत उरली नव्हती.

एक सवय त्याला या वर्षांत लागली. त्यानं पूर्वी वायरिंग केलेली एखादी जुनी गाडी बॅटरीसाठी शेडमध्ये आली की तो आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिचं बॉनेट उघडायचा. वायरींचा जुडगा तो मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायचा, दर चार बोटांवर एक गाठ, गाठीचं टोक नेहमी चेसीच्या बाजूला. तो वाकून एकेक गाठ तपासायचा. आपल्यामागं कुणी उकलून पुन्हा बांधलंय का, कुठला जोड दुसऱ्या हाताचा आहे का. अर्धा अर्धा तास बघायचा. गाठी सगळ्या बरोबर असायच्या. चार बोटांवर, टोक चेसीच्या बाजूला. डाग स्वच्छ, वाटाण्याएवढे. त्यातल्या कुठल्या आपल्या आणि कुठल्या आकारामच्या, हे त्याला कधी सांगता आलं नाही. आकारामला त्यानंच शिकवलं होतं, आणि नीट शिकवलं होतं.